वॉलेट बॅकअप प्रकल्प : नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

८ जून, रविवार

एकदाची सुरुवात केली. काल इचलकरंजीला मुंज होती, तिथे वहिनी भेटल्या. माझा मावसभाऊ एप्रिल २०२१ मध्ये कोविडमध्ये गेला, चार दिवसांत सगळं संपलं. त्याच्याकडे बिटकॉइन होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कशात ठेवलेत, कसे उघडायचे, ते फक्त त्यालाच माहीत. वहिनी अजून दर महिन्याला त्याचा फोन चार्ज करून ठेवतात, पिन कुणालाच माहीत नाही. काल परत विचारलं, तुला काही करता येईल का गं. मला काही उत्तर देता आलं नाही.

येताना गाडीत हेच डोक्यात होतं, की मी गेले तर नवऱ्याची पण हीच गत होणार आहे. माझे कॉइन तीन ठिकाणी पसरलेत आणि त्यातलं एकही ठिकाण त्याला नीट माहीत नाही. म्हणून ठरवलं की गणपतीपर्यंत हे सगळं एका ठिकाणी आणायचं, बॅकअप करायचा आणि तो बॅकअप त्याने माझ्याशिवाय उघडून दाखवला की मगच काम झालं म्हणायचं. नोंदी ठेवतेय म्हणजे मध्येच सोडून देणार नाही. किती कॉइन आहेत ते कुठेच लिहिणार नाही आणि ठिकाणं पण मुद्दाम थोडी फिरवून लिहीन.

१० जून, मंगळवार

यादी केली.

एक, २०१४ चं बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मूळ प्रोग्रॅमचं वॉलेट (वॉलेट म्हणजे कॉइन ज्यातून खर्च करता येतात ती फाइल किंवा ॲप), जुन्या लॅपटॉपवर. तेव्हा एका परदेशी क्लायंटने वेबसाइटच्या कामाचे पैसे त्यातच दिले होते. त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर आहे.

दोन, मोबाइलमधलं वॉलेट, २०१९ चं, बारा शब्दांचं, म्हणजे ते शब्द असले की वॉलेट परत उघडता येतं. ते बारा शब्द कागदावर लिहून सांगलीच्या घरी कपाटात ठेवले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या तळमजल्यात कपाट बुडेपर्यंत शिरलं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर कागदांचा नुसता लगदा, आईच्या पासबुकांपासून माझ्या मार्कलिस्टपर्यंत सगळं एकमेकांना चिकटलेलं आणि वर चिखल. बारा शब्द त्यातच कुठेतरी होते.

तीन, एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, पडलेले थोडे. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं, कारण तिथे चावी आपल्याकडे नसतेच, आपल्याला फक्त आकडा दिसतो. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा माझं तिथे काही नव्हतं, पण ज्यांचं होतं त्यांचे पैसे अडकून पडले आणि ते वॉलेट तर अनेक जणांच्या सह्या लागणारं होतं.

नवऱ्याने विचारलं की कॉइन नक्की असतात कुठे, फोनमध्ये का? त्याला सांगितलं की कॉइन कुठेच नसतात, जगभरच्या वहीत नोंद असते आणि आपल्याकडे असते ती सही करायची चावी. चावी गेली की नोंद तशीच राहते, फक्त कुणालाच हलवता येत नाही. म्हणाला मग सातबाऱ्यावर नाव आहे पण सही करणारा माणूस गेला, तसं. तसंच, फक्त इथे तहसीलदार नाही ज्याच्याकडे वारस नोंद करायला जाता येईल.

१४ जून, शनिवार

आज पेनड्राइव्ह. फाइल सापडली, धक्का म्हणजे उघडली पण. बिटकॉइन कोअरची सगळी साखळी, म्हणजे व्यवहारांची ती जगभरची वही, उतरवायची म्हणजे ६०० जीबीच्या वर डेटा, एवढी जागा डेस्कटॉपवर नाही, म्हणून प्रून मोड लावला, म्हणजे तपासून झालेले जुने ब्लॉक (त्या वहीची पानं) तो पुसत जातो. इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे, वॉलेटची फाइल आधी लावायची आणि मग साखळी उतरवायला सोडायची. आधी साखळी उतरवून नंतर जुनी फाइल लावली तर जुने ब्लॉक पुसले गेलेले असतात, मग त्यातले व्यवहार शोधता येत नाहीत आणि परत पहिल्यापासून.

लावून सोडलंय. पंखा घरभर ऐकू येतोय.

१९ जून, गुरुवार

पाच दिवसांनी पूर्ण झालं आणि बॅलन्स जवळपास शून्य.

हातपाय गार पडले अक्षरशः. रात्री दीडपर्यंत जुन्या मेल आणि व्यवहार तपासत बसले तेव्हा कळलं काय झालंय ते. पेनड्राइव्हवरची कॉपी जानेवारी २०१४ ची. फेब्रुवारीत माउंट गॉक्स नावाचं एक्स्चेंज बुडालं, त्या बातम्यांनी घाबरून मी लॅपटॉपवरच्या वॉलेटला पासवर्ड लावला. आता त्या काळच्या वॉलेटमध्ये पुढे लागणाऱ्या १०० चाव्या आधीच बनवून ठेवलेल्या असायच्या, आणि पासवर्ड लावला की प्रोग्रॅम तो जुना साठा बाजूला टाकून सगळ्या चाव्या नव्याने बनवायचा. मार्चमध्ये मी एकाला थोडे कॉइन पाठवले. बिटकॉइनमध्ये पाचशेची नोट मोडल्यासारखं असतं, अख्खी नोट जाते आणि सुटे परत येतात, ते सुटे वॉलेट एका नव्या पत्त्यावर (खाते क्रमांकासारखा असतो तो) घेतं. माझे सुटे, म्हणजे जवळजवळ सगळेच, नव्या साठ्यातल्या चावीवर आले, आणि पेनड्राइव्हवर ती चावी नाहीच.

म्हणजे अकरा वर्षं मी ज्या पेनड्राइव्हला बॅकअप म्हणत होते त्यात काहीच नव्हतं. एकदाही उघडून बघितला नव्हता.

लॅपटॉप माळ्यावर आहे.

२१ जून, शनिवार

पालख्या पुण्यात आल्यात, रस्ते बंद, कुठे जाता येत नाही, म्हणून दिवसभर लॅपटॉपच. बॅटरी फुगून खालचं झाकण वर आलंय, त्यामुळे चालू करायचं धाडस केलं नाही. नवऱ्याने स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढली, ती यूएसबीच्या केसमध्ये घालून डेस्कटॉपला लावली. पहिल्या वेळी नुसती टक्-टक् आवाज. दुसऱ्या वेळी दिसली. काही न बघता आधी फाइल दोन ठिकाणी कॉपी केली आणि डिस्क काढून ठेवली.

साखळी परत पहिल्यापासून.

२७ जून, शुक्रवार

आहेत! सगळे आहेत. पासवर्ड तिसऱ्या प्रयत्नात लागला, तेव्हाच्या डायरीच्या मागच्या पानावर अर्धवट लिहिलेला होता. नवऱ्याला कारखान्यात फोन केला तर रडायलाच आलं.

न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची गोष्ट कितीदा वाचली असेल, २०१३ मध्ये हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, त्यात साधारण ८००० बिटकॉइन, कचरा डेपो खणू द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडला आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. वाचताना वाटायचं की आपण असं कधी करणार नाही. माझी डिस्क माळ्यावर राहिली ती फक्त भंगारवाल्याला द्यायचा कंटाळा केला म्हणून.

२९ जून, रविवार

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी इंटरनेटपासून लांब ठेवणारी छोटी यंत्रं, दोन मागवले होते, थेट बनवणाऱ्या कंपनीकडून, ते आले. दोन का ते पुढे येईल. बाजारात कुणाकडून वापरलेलं किंवा स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचं नाही. आणि डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड असेल तर ते वॉलेट चोराचं समजायचं, कारण शब्द यंत्राने आपल्यासमोर बनवायला हवेत.

चोवीस शब्द घेतले. बिप ३९ नावाची पद्धत आहे, २०१३ ची, तिच्यात २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, अबँडनपासून झू पर्यंत. त्यातले चोवीस शब्द ठरावीक क्रमाने म्हणजे तुमची चावी. शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांची पडताळणी लपलेली असते, त्यामुळे कुठलाही शब्द चुकीचा टाकला तर बहुतेक वेळा यंत्रच सांगतं की हे जुळत नाही. यादी अशी बनवलीय की प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो. हे शब्द पुढे स्टीलच्या पाटीवर ठोकायचेत, तेव्हा ही गोष्ट सोन्यासारखी, कारण चोवीस शब्दांची जास्तीत जास्त ९६ अक्षरं.

शब्द लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, लॅपटॉप बंद. पेन्सिलने कागदावर लिहिले, दोनदा वाचले.

आणि आज एक वाईट गोष्ट सापडली. मोबाइलच्या क्लाउड गॅलरीत सहज ऑगस्ट २०१९ पर्यंत खाली गेले तर पुराच्या फोटोंमध्येच बारा शब्दांचा फोटो! आता आठवलं, सांगलीचा कागद गेल्यावर घाबरून मी फोनमधून शब्द परत काढले आणि घाईत फोटो काढून ठेवला, नंतर लिहून घेऊ म्हणून. सहा वर्षं तो फोटो कुठल्या कुठल्या सर्व्हरवर पडलाय. याच वर्षी फेब्रुवारीत कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीच्या लोकांनी स्पार्ककॅट नावाचं मालवेअर उघड केलं, ते गॅलरीतले फोटो वाचून नेमके हेच शब्द शोधतं, आणि ते अधिकृत ॲप स्टोअरमधल्या ॲपमध्ये सापडलं. फोटो डिलीट करून भागत नाही. ते बारा शब्द आता जळाले असंच धरायचं. मोबाइल वॉलेटमधलं सगळं आजच नव्या पत्त्यावर हलवलं. आधी अगदी थोडे पाठवले, पत्ता फोनवर न वाचता हार्डवेअर वॉलेटच्या छोट्या स्क्रीनवर वाचून अक्षर-अक्षर जुळवला, कारण कॉपी-पेस्टमध्ये पत्ता बदलणारे व्हायरस असतात. ते आल्यावर मग बाकीचे.

६ जुलै, रविवार, आषाढी

नवऱ्याचं भोसरीला फॅब्रिकेशनचं शॉप आहे, आज कामगारांना सुट्टी, म्हणून आजच ठोकाठोकी. पाट्या त्यानेच कापून ठेवल्या होत्या, एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, तीन एमएम जाडीच्या, कडा ग्राइंड करून गुळगुळीत केलेल्या. अक्षरांचे पंच रविवार पेठेत बोहरी आळीतून आणले, चार एमएमचा सेट.

माझ्या मनात आधी होतं की भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून करून घेऊ, त्यांच्या यंत्राने किती सुबक येतं, आईच्या सगळ्या डब्यांवर तसंच नाव आहे. पण त्याने शब्द बघितले म्हणजे संपलंच. तांब्या चोरीला गेला तर नाव बघून परत येईल, इथे नाव हेच धन.

शॉपमध्ये शिरल्यावर नवऱ्याने पहिली गोष्ट केली ती मला सुचलीच नव्हती. सीसीटीव्ही बंद केला. कॅमेरा बरोबर वर्कबेंचच्या डोक्यावर आहे आणि तो इंटरनेटला जोडलेला.

आधी सरावाच्या तुकड्यावर. ऐरण म्हणून शॉपमध्ये रेल्वेच्या रुळाचा तुकडा आहे, त्यावर पाटी, पाटीवर मास्किंग टेपची सरळ रेघ, त्या रेघेला पंच टेकवायचा आणि किलोच्या हातोडीने एकच दणका. एकच. दोनदा मारलं की पंच केसभर सरकतो आणि अक्षर दुहेरी दिसतं. स्टेनलेस फार कडक, पहिल्या दणक्यात माझं अक्षर नुसतं उमटल्यासारखं आलं. नवरा म्हणाला मनगटाने मारू नकोस, कोपरातून येऊ दे. पंचाला वर-खाली कळायला एका बाजूने खूण केली कारण एन आणि झेड आडवे झाले की एकमेकांसारखे दिसतात, हे मी सरावात करून बसले होते.

खरी पाटी मी एकटीने ठोकली, तो बाहेर जाऊन बसला, त्यानेच सांगितलं तसं. प्रत्येक शब्दाला चार घरं. तीन अक्षरी शब्द आला की चौथ्या घरात आडवी रेघ, कारण यादीत ॲड पण आहे आणि ॲड्रेस पण, चौथं घर नुसतं रिकामं दिसलं तर वाचणाऱ्याला वाटेल अक्षर पुसलं गेलं. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. दोन पाट्या करायला साडेचार तास लागले. उपास होता, मध्ये साबुदाण्याची खिचडी डब्यातून नेली होती ती तिथेच खाल्ली, हात इतके थरथरत होते की चमचा धरवेना. दुसऱ्या पाटीच्या शेवटी पंच बोथट झाले, अक्षरं कमी खोल आलीत पण बोट फिरवलं की कळतात.

मग आग. ॲल्युमिनियम, साधं लोखंड आणि एसएस, तिन्हीचे सरावाचे तुकडे कोळशाच्या भट्टीत ब्लोअर लावून ठेवले. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं, ते थोड्या वेळात वाकून निखाऱ्यात ओघळलं. लोखंडाला पापुद्रे सुटले आणि अर्धी अक्षरं त्यांच्याबरोबर गेली. स्टेनलेस लालभडक झालं, काढल्यावर काळंनिळं पडलं, पण वायर ब्रश मारल्यावर प्रत्येक अक्षर जागच्या जागी. ते वितळायला १४०० डिग्रीच्या आसपास लागतात, घराच्या आगीत तेवढं सहसा होत नाही. पाण्याची परीक्षा घ्यायची गरजच नाही, सांगलीत पाण्यातून निघालेली स्टीलची भांडी आई आजही वापरते.

पेन्सिलचा कागद त्याच भट्टीत टाकला.

१३ जुलै, रविवार

आज पाटीवरून दुसऱ्या यंत्रावर शब्द टाकून बघितले. दोन यंत्रं घेतली ती यासाठीच, पहिलं यंत्र पुसून बघायची हिंमत नव्हती आणि फोनवर किंवा कॉम्प्युटरवर चोवीस शब्द टाइप करणं म्हणजे एवढ्या मेहनतीवर पाणी.

पहिली पाटी, चोवीसावा शब्द टाकल्यावर यंत्र म्हणालं चुकीचं आहे. पोटात गोळा. परत वाचलं, सतराव्या शब्दात मी यू ला व्ही वाचत होते, पंच तळाशी कमी उमटलाय. यू टाकल्यावर उघडलं. दुसरी पाटी पहिल्याच वेळी. सतराव्यावर परत एक दणका देऊन यू ठळक केला, तेवढ्यासाठी परत भोसरी.

नुसतं उघडलं म्हणून थांबले नाही. वॉलेटची एक आठ अक्षरांची ओळख असते, तिला मास्टर फिंगरप्रिंट म्हणतात, तिच्यावरून चावी काढता येत नाही म्हणून ती कागदावर लिहायला हरकत नाही. दोन्ही यंत्रांची ओळख तीच आली, पहिला पत्ता तोच आला, तेव्हा खरं हायसं वाटलं.

मग मुद्दाम कॉम्प्युटरवरच्या वेगळ्या प्रोग्रॅमला दुसरं यंत्र जोडलं, तर बॅलन्स शून्य. या वेळी मात्र घाबरले नाही. एकाच चोवीस शब्दांतून पत्त्यांची वेगवेगळी झाडं निघतात, जुन्या १ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा पाथ (त्या फांदीचा रस्ता) ४४ चा, ३ वाल्यांचा ४९ चा आणि माझ्या बीसी१क्यू वाल्यांचा ८४ चा. प्रोग्रॅम ४४ च्या फांदीवर शोधत होता. पाथ बदलला आणि सगळं दिसलं. पण नवऱ्याला जर असं शून्य दिसलं असतं तर त्याने गेलं सगळं म्हणून यंत्र कपाटात टाकून दिलं असतं. पत्रात हे मोठ्या अक्षरात लिहायचंय.

२० जुलै, रविवार

पासफ्रेज लावावी की नाही यावर आठवडाभर वाद. चोवीस शब्दांवर आणखी एक आपला शब्द किंवा वाक्य लावता येतं, मग पाटी चोराला मिळाली तरी पासफ्रेजशिवाय उपयोग नाही. पण यातली भयानक गोष्ट म्हणजे चुकीची पासफ्रेज टाकली तरी यंत्र चूक म्हणत नाही, गुपचूप दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं. एक स्पेस, एक कॅपिटल अक्षर, आणि वॉलेट वेगळं.

मला आधी आजीची एक ओवी घालायची होती. यंत्रावर देवनागरी चालत नाही, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी. आणि इंग्रजी अक्षरांत मराठी आपण रोज वेगळं लिहितो! आई दोन ए ने की एका, विठ्ठलात टी किती, व ला व्ही की डब्ल्यू. नवऱ्याला आणि मला तीच ओळ वेगवेगळी लिहायला बसवली तर अकरा ठिकाणी फरक. शिवाय लोकांना पाठ असलेल्या ओळी चोरांचे प्रोग्रॅम आधी लावून बघतात, ओळीवरून बनवलेली किती वॉलेट अशी रिकामी झालीत.

शेवटी सापशिडीतला फासा घेतला. डाइसवेअरची ७७७६ शब्दांची यादी मिळते, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द. असे सहा शब्द, सगळे लहान लिपीत, मध्ये एकेक स्पेस. मुलीला फासा टाकायला फार मजा आली, तिला सांगितलं नाही कशासाठी ते. ते शब्द वेगळ्या पाटीवर, पूर्ण अक्षरांत, कारण इथे चार अक्षरांचा नियम नाही. पासफ्रेज लावल्यावर वॉलेटची आठ अक्षरी ओळख बदलते, ती नवी ओळख पत्रात लिहिली, म्हणजे नवऱ्याला बरोबर वॉलेट उघडलंय का ते जुळवून बघता येईल. आठवड्यात कॉइन सगळे या वॉलेटवर हलवले, एक्स्चेंजवरचे पण.

३ ऑगस्ट, रविवार

सांगली. दादाला सगळं समजावलं. तो म्हणाला चोवीस शब्द कशाला एकाकडे, अर्धे तुझ्याकडे अर्धे माझ्याकडे ठेव. बऱ्याच जणांना हेच सुचतं. त्याला म्हटलं, दादा, मग दोघांपैकी कुणा एकाचं हरवलं तरी सगळं गेलं, आपण एका पुराच्या जागी दोन पूर करून ठेवू. त्याऐवजी पूर्ण पाटी दोन गावांत, आणि पासफ्रेजची पाटी पाटीपासून लांब, ती पण दोन ठिकाणी. कुठल्याही एका जागी चोर शिरला तर त्याला अर्धंच मिळतं, आणि कुठलीही एक जागा बुडाली किंवा जळाली तरी आपल्याला पूर्ण मिळतं. अनेक सह्यांच्या वॉलेटचा पण विचार केला होता, पण त्यात चाव्यांबरोबर सगळ्यांच्या सार्वजनिक चाव्यांची (ज्यांवरून पत्ते बनतात त्या) नोंद पण जपावी लागते, आणि माझ्या मागे ते जुळवत बसणं नवऱ्याला जमेल असं वाटत नाही.

एक पाटी बँकेच्या लॉकरमध्ये. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीला तेही नाही. म्हणून लॉकर म्हणजे बँक भरून देईल असं धरलेलं नाही, फक्त बंद जागा. पूर आला तर पाटी पाण्यात चार दिवस पडून राहील, राहू दे.

१७ ऑगस्ट, रविवार

नवऱ्यासाठी पत्र लिहिलं, मराठीत, हाताने, चार पानं. गुपित त्यात एकही नाही, त्यामुळे घरी फाइलमध्ये ठेवता येतं. कुठली वस्तू कुठे, कुठल्या क्रमाने काय करायचं, शून्य दिसलं तर पाथ ८४, ओळखीची आठ अक्षरं. आधी थोडे पाठवून बघ. घाई करू नकोस, वर्षभर नाही हात लावला तरी कुठे जात नाहीत. आणि पहिल्याच पानावर, लाल पेनने, की चोवीस शब्द मागणारा प्रत्येक माणूस चोर आहे, मग तो कंपनीचा असो, बँकेचा असो, पोलीस म्हणवणारा असो, की घरी कुरिअरने आलेलं छान छापलेलं पत्र असो. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांचे घरचे पत्ते फुटले होते, तेव्हापासून लोकांच्या घरी खोटी पत्रं आणि खोटी यंत्रं सुद्धा गेलीत.

कराचंही लिहिलं, विकले तर नफ्यावर ३० टक्के, १ टक्का टीडीएस, आणि खरेदीच्या पावत्यांची फाइल कुठे ते. मृत्युपत्र केलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन. त्यात फक्त एवढंच की माझ्या डिजिटल मालमत्तेचा वारस कोण. शब्द मृत्युपत्रात कधीही लिहायचे नाहीत, ते किती हातांतून जातं.

७ सप्टेंबर, रविवार

गणपतीपर्यंत म्हणाले होते, एक दिवस उशीर, काल विसर्जन झालं. आज परीक्षा. दुसरं यंत्र पूर्ण पुसून नवऱ्यापुढे ठेवलं, पत्र दिलं, पाट्या दिल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले, मी मेलेय असं समज म्हटलं तर फार चिडला, असलं बोलायचं नाही म्हणाला. दार लावून घेतलं.

पाऊण तासाने आतून हाक, अगं हे आडवं वाचायचं की उभं? मी उत्तर दिलं नाही. मला द्यायचंच नव्हतं. तो परत काही बोलला नाही. मी भांडी घासली, डाळ लावली, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, आणि पूर्ण वेळ माझ्या डोक्यात वहिनींचं घर होतं, तिथे हाक मारायला पण कुणी नव्हतं.

एक तास पन्नास मिनिटांनी दार उघडलं. आठ अक्षरं जुळली होती. मधल्या वेळात त्याने आडवं वाचून टाकलं, यंत्र नाही म्हणालं, मग उभं वाचलं. पासफ्रेजमध्ये शेवटी चुकून स्पेस पडली होती, तेव्हा ओळख वेगळी आली, ती पत्रावरून बघून त्याने स्वतःच परत टाकली. माझ्या पत्रातल्या तीन चुका काढून दिल्या. उभं-आडवं लिहिलंच नव्हतं. रेघ म्हणजे रिकामं घर हे लिहिलं होतं पण तिसऱ्या पानावर, जेव्हा त्याला ते पहिल्यावर हवं होतं. आणि यंत्राची केबल कुठली ते नव्हतं, त्याने आधी फोनची लावली, ती फक्त चार्जिंगची निघाली. केबल आता यंत्राच्या डब्यातच बांधून ठेवली. पत्र परत लिहिलं. पाट्यांवर शब्दांशेजारी १ ते २४ आकडे ठोकायचेत, ते पुढच्या रविवारी.

दरवर्षी गणपतीनंतर तो हे एकदा करणार, ठरलं.

९ सप्टेंबर, मंगळवार

रात्री वहिनींना फोन केला. इतकी वर्षं आपण सगळेच त्याच्या फोनचा पिन शोधत होतो, पिन, पासवर्ड, असलं काहीतरी. त्यांना विचारलं, वहिनी, त्याच्या डायऱ्या, कारखान्याच्या वह्या, पासबुकाचं कव्हर, कुठे इंग्रजी शब्दांची नुसती यादी दिसली का, एकाखाली एक, बारा किंवा चोवीस, काही अर्थ न लागणारे? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, सुताच्या हिशोबाच्या वहीत मागे आहे तसलं काहीतरी, मला वाटलं पोरीचा स्पेलिंगचा अभ्यास घेत होते. थांब, फोटो काढून पाठवते.

नको नको, फोटो काढू नका वहिनी, कुणाला दाखवू नका, वाचून पण दाखवू नका फोनवर. वही तशीच बंद करून कपाटात ठेवा. शनिवारी मी येतेय.